लेकरांनी बाहेरगावी वाजवायला जायचं, पण जायचं कसं?

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात शहराच्या पानावर खाली कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती, आमच्या भागातल्या मुलींच्या खंजिरी भजन मंडळाला मुंबईकडच्या एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं म्हणून. बातमी छापली त्याबद्दल मनापासून आभार. मुलींनी ते कात्रण मोबाइलवर फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं, एकीच्या बाबांनी तर लॅमिनेशन करून दुकानात लावलं. पण मी त्या मुलींसोबत गेले होते अन् त्या चार ओळींत जे आलं नाही ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं म्हणून लिहायला बसले.

मी चाळीस वर्षं नागपूरच्या नंदनवनमध्ये शिवणकाम केलं. ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस, गॅदरिंगचे ड्रेस. या मुलींच्या सारख्या रंगाच्या नऊवारी मीच शिवल्या, शिवलेल्या म्हणजे तयार, नेसायला वेळ लागू नये म्हणून. त्यांना भजन शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, मावशी, मुलीच मुली आहेत, सोबत कोणी बाईमाणूस पाहिजे, येता का? मी लगेच हो म्हटलं. त्याला कारण दोन वर्षांपूर्वीचं आहे, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल या बाईला मधेच अमेरिका कुठून आठवली.

माझी मुलगी ॲरिझोनात टूसॉन नावाच्या शहरात राहते. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी गेले होते, सहा महिने. मोठी नात तेरा वर्षांची, ती शाळेत मारियाची शिकते. मला आधी वाटलं डान्सचा प्रकार असेल. तर ते मेक्सिकोचं गाणंबजावणं आहे, पश्चिम मेक्सिकोतल्या हालिस्को अन् त्याच्या आजूबाजूच्या भागातलं मूळ. व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार, विहुएला म्हणून पाच तारांची छोटी फुगीर पाठीची गिटार, अन् गितारोन म्हणून एवढं मोठं वाद्य की धरणारं पोट्टं त्याच्यामागे दिसतच नाही. ट्रम्पेट म्हणे यात नंतर आलं, १९३० च्या सुमारास, आधी तारांचीच वाद्यं होती. टूसॉन मेक्सिकोच्या सीमेपासून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे तिथं बऱ्याच शाळांत हा रीतसर विषय आहे, आपल्याकडं चित्रकला असते तसा. माझी नात मराठी आई-बापाची, ती स्पॅनिशमध्ये गाते अन् घरी येऊन मला अर्थ सांगते.

एक दिवस ती टाळ्या वाजवून दाखवत होती, आजी बघ, हे सहाचं आहे पण कधी तीन-तीन असं मोजायचं अन् कधी दोन-दोन-दोन. मी म्हटलं अगं सहा मात्रा तर आपला दादरा. मग आम्ही दोघी किचनच्या ओट्यावर किती वेळ ते वाजवत बसलो, ती तिच्या पद्धतीनं अन् मी माझ्या. तेव्हापासून मला त्या गाण्यांची गोडी लागली. त्यात कोणी समोर कागद ठेवत नाही, सगळं पाठ. वाजवणारे सगळे गातात सुद्धा, फक्त गाणारा अन् फक्त वाजवणारा असा भेद नाही. मधेच जोरात आरोळी देतात त्याला ग्रितो म्हणतात, शाहिरानं "जी जी रं" म्हटल्यावर अंगावर जसा काटा येतो तसंच होतं.

तर त्या मुलांचा ग्रुप नोव्हेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेसला जाणार होता. तिथं मारियाचीचं मोठं संमेलन भरतं, दिवसा नावाजलेले कलाकार मुलांना शिकवतात अन् संध्याकाळी कार्यक्रम. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, नागपूरहून संभाजीनगरला जायचं तेवढं साधारण. मुलीचं बाळ दीड महिन्याचं, ती जाऊ शकत नव्हती, म्हणून जावई गेले अन् मी त्यांच्या गाडीत, मुलांच्या बसच्या मागेमागे. बसमध्ये मला बसता नाही आलं, तिथं फक्त ज्यांची आधी कागदपत्रं झाली ते पालक. पण निघायच्या आधीचे पंधरा दिवस मी सगळी तयारी बघितली अन् हातही लावला.

त्यांचा ड्रेस असतो चार्रो म्हणजे तिकडच्या घोडेस्वारांचा. आखूड जाकीट, मुलांना घट्ट पॅन्ट, मुलींना पायापर्यंत स्कर्ट, अन् कडेनं वरपासून खालपर्यंत चांदीच्या रंगाचे धातूचे नक्षीदार तुकडे जोडलेले. गळ्याला मोठा भरतकामाचा बो. नातीच्या स्कर्टचे तीन तुकडे निघाले होते, ते मी बसवून दिले, मग तिनं मैत्रिणीचा आणला, मग आणखी एकीचा, शेवटी माझ्याकडे अकरा स्कर्ट झाले. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती पण सुई-दोऱ्याला भाषा लागत नाही. एका मुलीची आजी मेक्सिकोची होती, ती पण शिवणारी, ती माझा टाका बघून मान हलवायची अन् मी तिचा.

नियम असा की हा ड्रेस घालून काही खायचं नाही. पाणी सोडून काही नाही. बसमध्ये साधे कपडे, ड्रेस लांब पिशवीत हँगरला लटकवून, टोप्या वेगळ्या खोक्यात एकात एक, अन् मुक्कामाला पोचल्यावर आधी ड्रेस लटकवायचे मग पोरांनी जेवायचं. वाद्यांचं तसंच. गितारोन बसच्या पोटात सगळ्यांत शेवटी चढतं अन् सगळ्यांत आधी उतरतं, त्याच्यावर एक चप्पलसुद्धा ठेवायची नाही. वाळवंटातली कोरडी हवा, व्हायोलिनच्या खुंट्या आपोआप ढिल्या होतात म्हणून दर थांब्यावर मुलं पेटी उघडून बघायची. हे सगळं कोणी मोठं माणूस ओरडून करवून घेत नव्हतं, नववीतली मुलं सातवीतल्यांना सांगत होती.

अन् पैसे. हे मी जावयाला खोदून खोदून विचारलं. पालकांची एक समिती असते, तिचं बँकेत खातं. डिसेंबरमध्ये सगळे मिळून तमाले करून विकतात, म्हणजे मक्याच्या पिठाची उंडी, आत सारण भरून मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेली, आपले फुणके वाफवतो तशी. डझनाच्या हिशोबानं विकतात अन् सगळं गाव घेतं. मुलं लग्नात वाजवतात, पंधराव्या वाढदिवसाचा मोठा सोहळा असतो त्यांच्यात त्यात वाजवतात, ते मानधन पण त्याच खात्यात. निघायच्या दोन महिने आधी प्रत्येक घरी कागद आला होता, कुठं राहणार, किती वाजता जेवण, कार्यक्रम कुठल्या दिवशी किती वाजता, कोणाला कशाची ॲलर्जी, रात्री खोलीच्या बाहेर कोणता पालक बसणार. माझी मुलगी तो कागद फ्रिजला लावून निवांत होती. तिची लेक चारशे-साडेचारशे किलोमीटर दुसऱ्या राज्यात जाऊन राहिली अन् ती निवांत, हे मला फार वेगळं वाटलं.

लास क्रूसेसच्या जवळ मेसिया म्हणून जुनं गाव आहे, तिथं दारादारावर लाल मिरच्यांच्या माळा लटकवलेल्या, बघून मला आपलं भिवापूर आठवलं. कार्यक्रम ठरलेल्या वेळी सुरू झाला. नात दुसऱ्या रांगेत उभी होती, मी शिवलेला स्कर्ट घालून, अन् समोर बसलेल्या अनोळखी लोकांनी ग्रितो दिला तेव्हा तिचा चेहरा जो झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या तर लेकराला वाटतं आपले आहेत म्हणून वाजवून राहिले. परक्या गावच्यांनी वाजवल्या की त्याला कळतं आपल्यात खरंच काही आहे.

टूसॉनमध्ये हे एका दिवसात नाही झालं. १९६४ मध्ये तिथं एका पाद्र्याच्या पुढाकारानं पोरांचा मारियाची ग्रुप निघाला, नाव काय तर लोस चांगितोस फेओस, म्हणजे कुरूप माकडं. पोरं वाजवून जे कमवायची त्यातून त्यांच्या कॉलेजच्या शिक्षणाला स्कॉलरशिप दिल्या जायच्या. त्यातलीच काही पोरं मोठी झाली अन् १९७१ मध्ये त्यांनी मारियाची कोब्रे नावाचा ग्रुप काढला, तो १९८२ पासून फ्लोरिडातल्या एपकॉट नावाच्या डिस्नेच्या पार्कमध्ये वाजवू लागला. १९८३ पासून टूसॉनमध्येच मारियाचीचं आंतरराष्ट्रीय संमेलन भरू लागलं, त्याच्याआधी १९७९ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओत पहिलं झालं होतं. अन् २०११ मध्ये युनेस्कोनं मारियाचीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आधी हे पुरुषांचंच काम होतं, आता शाळांच्या ग्रुपमध्ये मुली बरोबरीनं असतात, लॉस एंजेलिसमध्ये तर १९९४ पासून फक्त बायकांचा ग्रुप आहे, मारियाची रेना नावाचा.

अजून एक गोष्ट नातीच्या वहीत वाचली. मारियाची हा शब्द जुन्यातल्या जुन्या कागदांत सापडतो त्यातला एक म्हणजे १८५२ चं एका पाद्र्याचं पत्र, रोसामोरादा गावचा, त्यानं बिशपला तक्रार केली की या मारियाचींच्या नाचगाण्यात दारू अन् जुगार चालतो, धिंगाणा होतो. म्हणजे ज्याची पत्रातून तक्रार झाली तेच आज शाळेत शिकवतात. आपल्याकडं पण खडी गंमत अन् दंडार या विदर्भातल्या लोकनाट्यांबद्दल शिकलेले लोक काय काय बोलले ते मी लहानपणी ऐकलंय.

आता आमच्या पोट्ट्यांचं सांगते.

चौदा मुली, नववी ते बारावी. सर, मी अन् एकीची आई, असे सतरा जण. खंजिरी नऊ, एक पेटी, एक ढोलक, टाळ. खंजिरी भजन म्हणजे काय हे विदर्भात सांगायला नको पण तुमचा पेपर पुण्यामुंबईला पण वाचतात म्हणून लिहिते, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी एक खंजिरी हातात घेऊन गावंच्या गावं जागी केली, १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेला गेले तेव्हाही खंजिरी सोबत. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांचं सगळं आयुष्य फिरण्यात गेलं, एका जागी बसून भजन केलं असतं तर मोझरीच्या बाहेर कोणाला कळलं असतं?

तिकिटं काढली तर नऊ कन्फर्म, आठ वेटिंग. शेवटपर्यंत वेटिंगच राहिलं. रात्रभर एका बर्थवर दोन-दोन मुली, पेटी दाराजवळ ठेवली तर येणारा-जाणारा पाय देऊन जायचा, म्हणून सर तिच्याजवळच खाली पेपर टाकून बसले ते सकाळपर्यंत. नऊवाऱ्या मी इस्त्री करून पांढऱ्या चादरीत गुंडाळल्या होत्या, त्या मांडीवर घेऊन बसले. पोळ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरून होतं त्यामुळे जेवणाची काळजी नव्हती. मुली गात होत्या, डब्यातले लोक पण ऐकायला जमले, ते दोन तास चांगले गेले.

सकाळी सातला पोचलो. "निवासाची उत्तम सोय" असं पत्रिकेत छापलं होतं. तो एका मंगल कार्यालयाचा हॉल होता, आणखी पाच मंडळं तिथंच, पुरुष मंडळं धरून, अन् सगळ्यांत मिळून दोन बाथरूम, त्यातल्या एकाची कडी नाही. मी अन् ती दुसरी आई आळीपाळीनं दाराला पाठ लावून उभ्या राहिलो अन् चौदा मुलींच्या आंघोळी उरकल्या. गादी नाही, सतरंजी मागितली तर संध्याकाळी येईल म्हणाले.

आमचा नंबर दुपारी चारला होता. मुली तीन वाजता नऊवारी नेसून तयार. चार वाजले, पाच वाजले, पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. आठ वाजले. मी त्या नातीच्या ग्रुपचा नियम लावला होता की नेसल्यावर खायचं नाही, म्हणून दुपारपासून पोट्ट्या उपाशी, शेवटी मीच म्हटलं जाऊ दे बाई डाग पडला तर पडला, अन् बिस्किटं वाटली. सगळ्यांत धाकटी माझ्याजवळ येऊन म्हणाली, मावशी, माही खंजिरी बसली वो. ऑगस्टचे दिवस, समुद्राकडची हवा, नागपुरात टणटण वाजणाऱ्या नऊच्या नऊ खंजिऱ्या पानवल्या होत्या, थाप मारली की ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. सर त्या पिशवीत घालून बाहेर चहाच्या टपरीवर गेले अन् भट्टीच्या वर धरून एकेक शेकत बसले. टपरीवाला भला माणूस, त्यानं गिऱ्हाइकं थांबवून जागा दिली, पैसे घेतले नाहीत. त्या टपरीवाल्याचं नाव विचारायचं राहिलं याचं मला आजही वाईट वाटतं.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी नाव पुकारलं. दहा मिनिटांचे सहा केले. माइक दोन. समोर शे-सव्वाशे खुर्च्या, त्यावर वीस-बावीस लोक अन् मागे बाकीची मंडळं आपापलं सामान बांधून राहिलेली. अन् तरी संपादक साहेब, त्या मुली अशा गायल्या! ज्या लोकांनी सामान बांधलं होतं ते सामान खाली ठेवून पुढं आले. एक म्हातारे गृहस्थ, मूळचे वरुडकडचे निघाले, चाळीस वर्षं तिकडं नोकरीला, ते स्टेजजवळ उभं राहून टाळी धरून होते अन् डोळ्यांतून पाणी. उतरल्यावर त्यांनी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला. ती धाकटी मला म्हणाली, मावशी, ते आपले कोणीच नव्हते ना वो? मी म्हटलं नाही. तर तिचा चेहरा, अगदी तोच, जो मी लास क्रूसेसला बघितला होता.

बक्षीस उत्तेजनार्थ, एक हजार एक रुपये. प्रमाणपत्रावर मंडळाचं नाव चुकीचं. एकूण खर्च साडेएकवीस हजार. मुलींच्या घरून पाचशे-पाचशेप्रमाणे सात हजार जमले, एका ओळखीच्या दुकानदारानं तीन दिले, बाकी साडेअकरा सरांनी स्वतःचे घातले. सर एका खाजगी क्लासमध्ये पेटी शिकवतात, त्यांचा महिन्याचा पगार मला माहिती आहे, तो इथं लिहीत नाही. परत आलो तेव्हा स्टेशनवर एकीचे बाबा तर्री-पोहे घेऊन उभे होते, मुली प्लॅटफॉर्मवरच बसून खायला लागल्या. पण त्यातल्या तिघींच्या घरच्यांनी नंतर सांगितलं की पुन्हा पाठवणार नाही, रात्री अकरा-अकरापर्यंत पोरी कुठं होत्या आम्हाला काही कळायला मार्ग नव्हता. मला त्यांचा राग नाही आला. माझ्या मुलीकडं फ्रिजवर तो कागद होता, यांच्याकडं काय होतं? सरांचा एक मोबाइल नंबर, अन् त्या मोबाइलची बॅटरी संध्याकाळीच संपली होती.

ज्या तिघी येणार नाहीत त्यातली एक मुख्य गाणारी आहे.

मला एवढंच म्हणायचं आहे की लेकरांनी बाहेरगावी जाऊन वाजवणं हे एका सराच्या खिशावर अन् एका मावशीच्या कमरेवर चालू नये. शिकवायचं काम सरांचं, ते त्यांनी केलं. नेणं-आणणं हे गावाचं काम आहे. अन् आपल्याला ते येत नाही असं नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत बघा, वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, दिवाळीनंतर पूर्ण सीझन कलाकार रोज वेगळ्या गावी, गाडी कधी निघणार, स्टेज कोण बांधणार, जेवण कोणाकडं, सगळं ठरलेलं असतं अन् नाटक पहाटेपर्यंत चालतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्याच रंगभूमीवरच्या कामासाठी. मंडळी फिरवायची कशी हे विदर्भानंच शिकवावं असं आहे. फक्त ते शहाणपण मोठ्यांच्या नाटकात राहिलं, लेकरांच्या भजनापर्यंत आलं नाही.

माझ्या डोक्यात जे आहे ते लिहिते, चुकलं तर लोकांनी दुरुस्त करावं. नागपुरात गल्लोगल्ली गणेश मंडळं आहेत. मी आमच्या मंडळाच्या पोरांना विचारलं, लायटिंग अन् डीजेचा खर्च किती येतो, तो आकडा ऐकून मी गप्प बसले. एका वस्तीतल्या मंडळानं वर्षातून एकदा, आपल्याच भागातल्या लेकरांच्या एका ग्रुपचं जाण्यायेण्याचं भाडं उचललं, भजनाचा असो, लेझीमचा असो, शाळेच्या बँडचा असो, तर किती सोपं होईल. अन् ते दान म्हणून नको, मुली दहा दिवसांत एक संध्याकाळ मंडपात गातील, तेच त्यांचं मानधन. तमाले नाही तर आपण दिवाळीत चकल्या-शेवेचे डबे विकू, मी स्वतः पाच किलोची भाजणी भाजून द्यायला तयार आहे.

दुसरं, तिकिटाचं. पूर्वी कार्यक्रमाला जाणाऱ्या कलाकारांना रेल्वेत तिकिटात सवलत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनात बहुतेक सवलती थांबवल्या, विद्यार्थी, दिव्यांग अन् काही आजारांचे रुग्ण एवढ्यांच्या राहिल्या. ज्येष्ठ नागरिकांची गेली त्यावर खूप लिहून येतं, येऊ द्या, मी पण ज्येष्ठ आहे. पण कलाकारांच्या सवलतीबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. आपल्या खासदारांनी हा प्रश्न लावून धरावा अशी माझी हात जोडून विनंती आहे. जवळच्या गावांना एसटी बरी, मार्च २०२३ पासून बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मोझरी-अमरावतीपर्यंत आम्ही कसंही करून जाऊ. पण पेटी-ढोलक घेऊन सतरा जणांनी मुंबईपर्यंत एसटीनं जायचं म्हणजे हाल.

आयोजकांना पण सांगायचं आहे, सगळ्यांनाच, कोणा एकाला नाही. लेकरांच्या मंडळांना दिवसाउजेडी वेळ द्या. सत्कार नंतर करा, पाहुणे मोठे आहेत, ते जागतील. मुलींच्या बाथरूमला कडी आहे की नाही हे आदल्या दिवशी एका बाईमाणसाला पाठवून बघून घ्या. पत्रिकेसोबत एक कागद पाठवा, त्यावर मुक्कामाचा पत्ता, नंबर किती वाजता, अन् रात्री फोन उचलणाऱ्या एका बाईचा नंबर. एका कागदाला खर्च किती येतो?

अन् हेच आपल्यालाही लागू आहे. हिवाळ्यात आपल्या नागपुरात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडची किती लेकरं कार्यक्रमांना येतात, शाळांच्या वर्गात बाकं सरकवून झोपतात, थंडी केवढी. माझ्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत, मुलगी तिकडं, मालक गेले. चार मुली आरामात झोपतील, गरम पाणी मिळेल, सकाळी पोहे मिळतील. माझ्यासारख्या बायका या शहरात कितीतरी असतील. कोणी यादी करणार असेल तर माझं नाव पहिलं लिहा. सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, १९८६ पासून, तिथं बाहेरच्या राज्यांतले कलाकार येतात, आम्ही दरवर्षी जाऊन बघतो, खूप छान वाटतं. त्यांनी अशी यादी केली तर फार बरं होईल, लोकांचा विश्वास बसेल.

तुमच्याकडूनही एक मागणं आहे. कोणाला बक्षीस मिळालं हे तुम्ही छापताच. त्याच्या आधी, कोणती लेकरं कोणत्या गावी वाजवायला निघाली आहेत हे छापता येईल का? दोन ओळी बस. त्या गावातला एखादा वरुडचा माणूस वाचेल अन् ऐकायला येईल, रात्री अकरा वाजता येतो तसा योगायोगानं नाही तर ठरवून, येताना चार लोकांना घेऊन येईल.

पुढच्या महिन्यात मुलींना नाशिककडचं एक बोलावणं आलंय. सरांनी अजून हो-नाही कळवलेलं नाही. मी त्या तिघींच्या घरी रविवारी जाऊन आले, दोघींच्या आया म्हणतात तुम्ही सोबत असाल अन् वेळ लेखी मिळाली तर बघू. मुख्य गाणारीचे बाबा अजून काही बोलत नाहीत, चहा घेतला, बसा म्हणाले, मुलगी आतल्या खोलीत होती अन् हळू आवाजात भजन म्हणून राहिली होती, ते आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. मी पुन्हा जाणार आहे. खंजिऱ्यांसाठी जाड कापडाच्या पिशव्या शिवून ठेवल्या, आत जुन्या ब्लँकेटचं अस्तर, म्हणजे हवा लागणार नाही.

पत्र फार मोठं झालं याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर अमेरिकेचं कापा, पण रात्री अकराचं कापू नका.

आपली,
एक वाचक, नंदनवन, नागपूर